तिचं मराठी, कोर्टाची कन्नड आणि मधले आपण: सीमाभागात घरगुती हिंसाचाराची केस विनामूल्य चालवणाऱ्या वकिलासाठी

"काही नाही ओ मॅडम, भांडण झालंय थोडं."

खानापूर किंवा निपाणीकडची बाई पहिल्यांदा वकिलासमोर बसली की बहुतेक वेळा सुरुवात अशीच होते. वकील नवा असेल तर वहीत 'पती-पत्नीत भांडण' असं लिहून पुढे जातो. तासाभराने, पाणी पिऊन झाल्यावर, कळतं की 'भांडण' म्हणजे चुलीतल्या लाकडाने मारणं होतं आणि 'थोडं' म्हणजे लग्नानंतरची सहा वर्षं. माझ्या पहिल्या दोन केसेसमध्ये मी ते 'भांडण' तसंच अर्जात उतरवलं होतं. समोरच्या वकिलाने तोच शब्द उचलून "नवरा-बायकोत भांडणं होतच असतात, साहेब" असं म्हणत माझी हवा काढली. चूक त्याची नव्हती.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात अशा बायकांच्या केसेस फी न घेता चालवू इच्छिणाऱ्या तरुण वकिलांसाठी हे लिहिते आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ४४.४ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्याआधीच्या सर्वेक्षणात हाच आकडा २०.६ होता. म्हणजे काम कमी पडणार नाही. कायदा फार अवघड नाही. अवघड आहे ते तिचं बोलणं दोन भाषा आणि एक सीमा ओलांडून न्यायाधीशांच्या टेबलापर्यंत न सांडता नेणं.

आधी आपली जागा ठरवा

बार कौन्सिलच्या नियमांतला ४६ वा नियम सांगतो की गरजूला विनामूल्य मदत करणं हे वकिलाच्या सर्वांत मोठ्या कर्तव्यांपैकी एक आहे. तरीही एकट्याने, मनाने ठरवून केस अंगावर घेण्यापेक्षा ती विधी सेवा प्राधिकरणामार्फत घ्या. जिल्हा प्राधिकरण बेळगावच्या न्यायालय आवारात आहे आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते. प्राधिकरणाच्या पॅनेलवर, म्हणजे वकिलांच्या यादीवर, यायला साधारण तीन वर्षांची वकिली लागते. तेवढी झाली नसेल तर पॅनेलवरच्या ज्येष्ठांबरोबर काम करा, किंवा केंद्र सरकारच्या विनामूल्य वकिलीच्या न्याय बंधू योजनेत नाव नोंदवा.

प्राधिकरणातून जाण्याचा फायदा व्यवहारातला आहे. कोर्ट फी, प्रोसेस फी, नकलांचा खर्च आणि कागदपत्रांच्या भाषांतराचा खर्च विधी सेवेत येतो. आपल्या भागात भाषांतर हा शेवटचा, पण सगळ्यात मोठा खर्च आहे. पॅनेलच्या वकिलाला मानधन प्राधिकरण देतं. पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, टायपिंगचाही नाही, रिक्षाचाही नाही. 'चहापाण्याला ठेवा' म्हणून पदराच्या गाठीतली शंभराची नोट पुढे येते तेव्हा हात मागे घेणं कठीण जातं, पण घ्यायचाच.

स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तिला ती स्त्री आहे एवढ्यावरच हक्क देतं. कुठे उत्पन्नाचा दाखला मागितला गेला तर कलम १२ ची छापील प्रत शांतपणे पुढे ठेवायची. ती पिशवीत कायम असू द्या. बाईकडे वकीलच नसेल तर तिला किंवा तिच्या शेजारणीला १५१०० हा विधी सेवेचा नंबर द्या.

पहिली भेट

भाऊ बरोबर आलेला असतो आणि तोच बोलतो. त्याला झेरॉक्स आणायला पाठवा. मग तिला पहिला प्रश्न विचारा: "आज रात्री कुठं झोपणार?" कायद्याचं सगळं त्याच्यानंतर. परत त्याच घरी जाणार असेल तर ११२ (पोलीस) आणि १८१ (महिला मदतवाहिनी) हे नंबर पाठ करून घ्या, मोबाईलमध्ये साठवायला सांगू नका. मोबाईल नवरा बघतो. कॉल लॉग बघतो, गुगलचं लोकेशन बघतो, आणि तुमचं नाव 'वकील' म्हणून सेव्ह झालेलं असेल तर त्याच रात्री कळतं. माझं नाव कित्येक फोनांत 'टेलर' आहे.

माहेरीही जाता येत नसेल तर सखी केंद्र (हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) आणि निवारा गृह हे मार्ग आहेत. १८१ वरून जवळचं केंद्र कळतं. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम ६ आणि ७ प्रमाणे निवारा गृहाला आणि दवाखान्याला तिला नाही म्हणता येत नाही.

जखमा ताज्या असतील तर तुमच्या ऑफिसात बसवून ठेवू नका, सरकारी दवाखान्यात पाठवा. वाटेत एवढंच सांगा की डॉक्टरांना खरं कारण सांग. आपल्याकडच्या केस पेपरांवर 'बाथरूममध्ये पाय घसरून पडले' हे वाक्य इतक्या वेळा दिसतं की तालुक्यातल्या सगळ्या फरशा बदलाव्यात. त्या दिवशी नोंद 'नवऱ्याने मारले' अशी झाली तर दोन वर्षांनी उलटतपासणीत तुमचं निम्मं काम तो कागद करतो.

ऐकताना बोलीकडे कान ठेवा. आपल्या भागातल्या बायका 'मी गेलो, मी आलो, मी बसलो' म्हणतात. प्रमाण मराठीवर वाढलेला टायपिस्ट जबाब टाईप करताना गोंधळतो आणि 'तो गेला' असं काहीतरी करून ठेवतो. मग कोण कुठे गेलं याचा पत्ता लागत नाही.

हकीकत जुळवणं

तिला तारखा आठवत नाहीत म्हणून ती खोटं बोलते असं होत नाही. "कधी?" असं विचारलंत तर "मागं एकदा" एवढंच मिळेल. "भात लावणीच्या आधी का नंतर? गणपती बसले होते? सौंदत्तीची यात्रा झाली होती? तंबाखूचा हंगाम सुरू होता?" असं विचारा आणि कॅलेंडर घेऊन बसा. महिना निघतो, बऱ्याचदा तारीखही निघते. अर्जात 'अंदाजे' हा शब्द लिहायला लाजू नका. ठोकून दिलेली अचूक तारीख उलटतपासणीत पहिली कोसळते.

मारहाणीपुरते थांबू नका. २००५ च्या कायद्याचं कलम ३ शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चारही प्रकार मोजतं. आर्थिक छळ बायका स्वतःहून सांगत नाहीत, कारण तो त्यांना छळ वाटतच नाही. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार कोणाच्या हातात पडतात? एटीएम कार्ड कोणाकडे आहे? विड्या वळून किंवा उद्यमबागेतल्या कारखान्यात काम करून आलेली मजुरी कोण ठेवून घेतं? माहेरचं गंठण, बोरमाळ कुठे आहे? पतसंस्थेत गहाण असेल तर पावती कोणाच्या नावावर आहे? स्त्रीधनाची यादी त्याच बैठकीत करा. लग्नातले फोटो मागवा, फोटोत दागिने दिसतात.

व्हॉट्सॲपचे मेसेज आणि ऑडिओ असतील तर फोन तसाच ठेवायला सांगा, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. नवऱ्याच्या नकळत केलेलं रेकॉर्डिंग चालेल का, हा प्रश्न नेहमी येतो. वैवाहिक वादात असं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येतं असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं आहे.

कुठल्या कोर्टात

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो सुटेल तेव्हा सुटेल, हिची तारीख परवा आहे. आणि घरगुती हिंसाचाराच्या कायद्यापुरती सीमा बरीचशी पुसलेली आहे, हे पुष्कळ वकिलांनाही माहीत नसतं.

कलम २७ प्रमाणे ती आज जिथे राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटसमोर अर्ज करता येतो, तिथली राहणूक तात्पुरती असली तरी. नवरा राहतो ते ठिकाण किंवा घटना घडली ते ठिकाण हेही पर्याय आहेत. चंदगडला दिलेली खानापूरची मुलगी माहेरी परत आली असेल तर अर्ज खानापूरच्या कोर्टात होतो, आणि तिथला आदेश महाराष्ट्रातच काय, देशभर लागू होतो. एफआयआरचंही तसंच. हद्द कुठलीही असो, पोलीस ठाण्याने नोंद घ्यायची आणि मग ती योग्य ठाण्याकडे पाठवायची, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. छळाचे मानसिक परिणाम माहेरीही चालू राहतात, म्हणून माहेरच्या ठाण्यात ४९८-अ ची फिर्याद चालते हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१९ चा आहे. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना ४९८-अ ऐवजी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ लावायचं, हे टाईप करताना विसरू नका.

उलट बाजूही बघा. गडहिंग्लजची मुलगी बेळगावात दिली असेल आणि ती आता गडहिंग्लजला परतली असेल, तर बेळगावात अर्ज करून तिला कन्नड कागदांत अडकवण्याचा हट्ट धरू नका. तिकडच्या कोर्टाचं कामकाज तिला समजतं. कोल्हापूरच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे केस सोपवा आणि हकीकतीची वही बरोबर द्या. आपली केस दुसऱ्याकडे देणं वकिलाला जड जातं, पण यात तिचं भलं आहे.

प्रवासही मोजा. कर्नाटकच्या शक्ती योजनेत २०२३ पासून साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही, पण ओळखपत्र कर्नाटकातल्या पत्त्याचं लागतं. सासरचा, म्हणजे महाराष्ट्रातला पत्ता असलेलं आधार असेल तर तिकीट काढावं लागतं. पलीकडे एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. महिन्याला दोन तारखा आणि बरोबर एक मूल, हा हिशेब तुम्हाला किरकोळ वाटेल. ती तारखेला येणं बंद होण्याचं कारण बहुतेक वेळा तोच असतो.

नवऱ्याने कोल्हापुरात घटस्फोटाचा दावा लावला आणि तो बेळगावला आणायचा असेल तर दोन राज्यांमधली बदली फक्त सर्वोच्च न्यायालय करतं. त्यासाठीही मोफत वकील मिळतो, सर्वोच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडून. "दिल्लीला कोण जाणार" म्हणून बायका हक्क सोडतात. कागद बेळगावातूनच जातात, हे त्यांना समजावा.

संरक्षण अधिकारी आणि अर्ज

कर्नाटकात तालुक्याचे सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) हेच संरक्षण अधिकारी असतात. घरगुती घटना अहवाल ते नमुना १ मध्ये भरतात. अंगणवाडीपासून निवडणुकीपर्यंत सगळी कामं त्यांच्याच गळ्यात असल्यामुळे अहवाल लगेच मिळेल असं धरून चालू नका. अहवाल यायच्या आधीही मॅजिस्ट्रेट आदेश देऊ शकतात, असं २०२२ च्या प्रभा त्यागी निकालात आहे. म्हणून घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १२ चा मुख्य अर्ज आणि कलम २३ चा अंतरिम अर्ज, नमुना ३ च्या प्रतिज्ञापत्रासह, एकाच दिवशी दाखल करा. अंतरिम अर्ज 'नंतर करू' म्हणून मागे ठेवणं ही सर्वांत महाग चूक. कायदा म्हणतो पहिली सुनावणी तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत. प्रत्यक्षात कोर्टाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघितला की समजतं. मधले महिने ती अंतरिम आदेशावरच जगणार असते.

काय मागायचं? संरक्षण, राहण्याचा हक्क किंवा वेगळ्या खोलीचं भाडं, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई. सगळं मागा, पण तिच्या गरजेच्या क्रमाने. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून हक्क नाही, हे उत्तर २०२० च्या सतीशचंद्र आहुजा निकालानंतर चालत नाही. सासू-नणंदेविरुद्धही अर्ज होतो, मात्र सासू-नणंदेला घराबाहेर काढण्याचा आदेश मिळत नाही.

आणि हे मी प्रत्येक ज्युनिअरला सांगते: पुण्यात राहणारी नणंद, ८२ वर्षांची आजेसासू, लग्न जमवणारा मामा, सगळ्यांना गैरअर्जदार करू नका. माहेरच्यांचा आग्रह असतो, "सगळ्यांना ओढा". दहा नोटिसा बजवायला दहापट वेळ जातो आणि खऱ्या दोघांवरची धार बोथट होते.

दोन भाषांमधला खड्डा

जिल्ह्यातली कोर्टं कन्नड आणि इंग्रजीत चालतात. तिला कन्नड बोलता येत असेल, वाचता येतंच असं नाही. मी पुढीलप्रमाणे काम करते.

हकीकत आधी तिच्या मराठीत लिहून काढते आणि तिला वाचून दाखवते. त्यावर तिची सही किंवा अंगठा घेऊन ती फाईलमध्ये ठेवते. मग त्यावरून कन्नड किंवा इंग्रजी अर्ज. अर्ज तयार झाला की पुन्हा वाक्यागणिक मराठीत सांगते, आणि प्रतिज्ञापत्राखाली 'मजकूर मराठीतून समजावून सांगितला, तो तिला मान्य आहे' अशी नोंद घालते. यात एक अख्खी दुपार जाते. उलटतपासणीत "हे तुम्ही सांगितलंच नव्हतं ना?" असा प्रश्न आला की ती दुपार वसूल होते. साक्ष ती मराठीत देऊ शकते. तशी विनंती आधीच नोंदवा आणि नोंदवलेली साक्ष तिला मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही करू देऊ नका.

सारखे दिसणारे शब्द सगळ्यात फसवे. कन्नड कोर्टात 'तकरारु' म्हणजे समोरच्याची हरकत, आपण म्हणतो ते 'म्हणणे'. आपल्याकडे तक्रार ती करते. "तकरारु आली" असं ऐकून एक बाई घाबरून रडायला लागली होती, नवऱ्याने आपल्यावर केस केली या समजुतीने. 'दूरु' म्हणजे फिर्याद. 'जीवनांश' म्हणजे पोटगी. आणि सगळ्यात धोक्याचा शब्द 'राजी'. मराठीत राजी म्हणजे तयार, खुशी. कन्नडमध्ये राजी म्हणजे तडजोड. कोणी कन्नडमध्ये 'राजी'बद्दल विचारलं की ती अदबीने मान हलवते. तिला वाटतं, ऐकायला तयार आहे का असं विचारलं. कागदावर 'उभयतांत तडजोड' होऊ शकते. हा एक शब्द पहिल्याच दिवशी तिला शिकवा.

नोटीस

पलीकडच्या गावाला नोटीस बजावताना पत्ता पूर्ण द्या: गाव, पोस्ट, तालुका, वाडी असेल तर वाडी, नोकरीचं ठिकाण, मोबाईल. एकाच नावाच्या वाड्या दोन्ही बाजूंना आहेत. स्पीड पोस्टानेही पाठवण्याची आणि संबंधित पोलीस ठाण्यामार्फत बजावण्याची परवानगी मागा. आठ दिवसांनी स्वतः फोन करून विचारा. नोटीस 'पत्ता सापडत नाही' म्हणून परत आली तर दीड महिना गेला.

'मी नांदवायला तयार आहे'

नवरा कोर्टात आला की हे वाक्य येतंच. पोटगी टाळण्याचं ते सर्वांत जुनं हत्यार आहे, पण दरवेळी खोटं असतंच असंही नाही, आणि काही जणींना मनापासून परत जायचं असतं. तिचा निर्णय तिचाच. तुमचा संताप त्यात मिसळू नका. जायचंच ठरलं तर अटी लेखी घ्या: संरक्षणाचा आदेश कायम, फोन तिच्याकडे, माहेरी जायला आडकाठी नाही, आणि केस लगेच काढून न घेता तीन-चार महिने तारखेवर ठेवायची.

गावकीतले पंच शंभराच्या बाँडवर 'सोडचिठ्ठी' करून देतात. हिंदू विवाह कायद्याखाली, सिद्ध होणारी रूढी नसेल तर, त्या कागदाने लग्न मोडत नाही. तिने अंगठा दिला असेल तरी केस संपलेली नाही, हे तिला आणि पंचांनाही सांगा. पंचांशी भांडू नका. पुढे साक्षीला त्यातलाच एखादा लागतो.

पोटगीच्या सुनावणीआधी दोघांनीही मालमत्ता-उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असं २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात आहे. "मी बेकार आहे" म्हणणाऱ्याच्या उसाची बिलं, दुधाचं खातं, ट्रॅक्टरचा हप्ता शोधा. बाईला हे सगळं माहीत असतं, फक्त कोणी विचारलेलं नसतं.

आदेश मिळाल्यावर

घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम २४ प्रमाणे आदेशाची प्रत मोफत मिळते. एक प्रत तिच्या ठाण्यात, एक नवऱ्याच्या ठाण्यात पोचवा आणि पोच घ्या. संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैसे थकले तर कलम २०(६) खाली त्याच्या मालकाला थेट पगारातून भरायला लावता येतं. साखर कारखान्यात किंवा फाउंड्रीत असलेल्यांना ही मात्रा बरोबर लागू पडते. नवरा फौजेत असेल, आणि चंदगड-गडहिंग्लज पट्ट्यात तो बऱ्याचदा असतो, तर पगारातून बायको-मुलांच्या निर्वाहासाठी कपात करण्याची तरतूद आर्मी ॲक्टमध्ये आहे. कमांडिंग ऑफिसरला पत्र, सोबत आदेशाची प्रत आणि लग्नाचा पुरावा.

थकबाकीचा अर्ज पहिला हप्ता चुकल्यावर लगेच करा. "बघू, देईल" म्हणत वर्ष काढलंत की रक्कम इतकी वाढते की तो पळूनच जातो.

शेवटी तिला एक पान द्या, मराठीत, मोठ्या अक्षरात: कोर्टाने काय सांगितलं, दर महिन्याला किती, कोणत्या तारखेला, नाही आले तर कोणाला सांगायचं. लॅमिनेट करू नका. घडी घालून ब्लाउजच्या आत ठेवता आलं पाहिजे.